अनंत हरवलेली लेन्स

∞

मी एक जुनी मॅक्रो लेन्स आहे. मुंगीला मुंगीएवढीच दाखवणारी.

'एवढीच?' असं म्हणून हसू नका, मित्रांनो. डोंगराला नखाएवढा करून दाखवणाऱ्या लेन्सा पुष्कळ मिळतात. मुंगीला फिल्मवर मुंगीएवढी पूर्ण जागा देणाऱ्या थोड्या. मी त्या थोड्यांतली.

सुरुवातीलाच माझी एक अडचण सांगून ठेवते. मला एका वेळी फार कमी स्पष्ट दिसतं. माशीचा डोळा दिसला तर पंख धूसर, पंख दिसला तर डोळा धूसर. जगाचा कागदाइतका पातळ काप माझ्या वाट्याला येतो, मागचं पुढचं सगळं धुक्यात. म्हणून गोष्टही मी कापाकापानं सांगणार. मधेच धूसर झाली तर घाबरू नका. मी थोडी फिरेन आणि पुन्हा सांगायला लागेन.

माझ्या अंगावरच्या फिरत्या कड्यावर अंतरं कोरलेली आहेत. सगळ्यात लांबचं अनंत, म्हणजे आडवा झोपलेला इंग्रजी आठ. सगळ्यात जवळचं एकास एक. अनंतापासून सुरू करू या.

माझी काच भट्टीत वितळली आणि मग कित्येक दिवस हळूहळू गार होत राहिली. घाईनं गार केलेल्या काचेच्या पोटात ताण राहतो. वरून दिसत नाही, पण एखाद्या दिवशी ती तडकते. मग मला घासलं, पुन्हा घासलं, आणि मी पुरेशी गुळगुळीत झाले असं मला वाटलं तेव्हा खरी घासणी सुरू झाली.

माझ्या आधीच्या बहुतेक लेन्सा लांब बघण्यासाठी आखलेल्या होत्या. क्षितिज, इमारती, रांगेत उभी माणसं. त्यांना जवळ नेलं की त्या बावरायच्या. मधलं अक्षर नीट उमटायचं, कोपऱ्यातली अक्षरं वाकायची, विरघळायची. मला आखणाऱ्या माणसानं प्रश्नच उलटा केला. 'हिला आधी जवळचं दिसू दे, लांबचं मग बघू.' त्यानं माझ्या काचा अशा रचल्या की पानाच्या मधल्या अक्षराला आणि कोपऱ्यातल्या अक्षराला सारखाच मान मिळावा. पुढची काच त्यानं विहिरीतल्या पाण्यासारखी खोल बसवली, म्हणजे आडवातिडवा उजेड तिच्यावर पडायला नको. आणि माझ्या अंगात एकात एक फिरणाऱ्या दोन नळ्या बसवल्या. त्यांच्यावर लांबच लांब आटे. कडं फिरवलं की त्या आट्यांवरून मी पुढे सरकत जाते, काचा फिल्मपासून दुप्पट अंतरावर जाऊन पोचतात, आणि तेव्हा कुठे मुंगी मुंगीएवढी होते.

पण लांब झाले की माझ्यातून उजेड कमी पोचतो, जेमतेम चौथाई. जवळ जायचं तर अंधार सोसायला लागतो. त्याला काही इलाज नाही.

त्या आट्यांबद्दल आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं. बाटलीच्या झाकणाला एकच आटा असतो. माझ्या नळीवर पुष्कळ आटे शेजारीशेजारी सुरू होतात. त्यामुळे नळ्या वेगळ्या केल्या की परत जोडायला अनेक तोंडं असतात आणि बरोबर त्यांतलं एकच. बाकीच्या तोंडांनीही नळी छान बसते. छान फिरते. फक्त चुकीची असते.

पाच मीटर

माझी पहिली नोकरी एका ग्रंथालयाच्या तळघरात होती. एका खांबावर मला कॅमेऱ्यासकट उलटं टांगलं होतं, खाली जुनी वर्तमानपत्रं. पानं उलटणाऱ्या बाईंचे हात कायम स्वच्छ आणि थंड असत. त्या एक पान सपाट करत, क्लिक, दुसरं पान. साहेब आले की त्या छायाचित्र उचलून दाखवत. 'कोपरा बघा, साहेब. कोपरा!' माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग तिथे नवी यंत्रं आली.

मला चामड्याच्या पेटीत घातलं, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. चामडं ओल धरतं. अंधार, ओल आणि बंद हवा बुरशीला फार आवडते. माझ्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरायला लागले. किती वर्षं

(इथे धूसर आहे. पुढे सरकते.)

दोन मीटर

कपाट उघडलं ते अळीताईनं. तिचं हे नाव मुलांनी ठेवलेलं. ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी अळ्या, अंडी, मुंग्या, माश्या यांची छायाचित्रं काढते, आणि बोलायला लागली की त्यांच्याबद्दलच बोलते. ग्रंथालयानं मोडीत काढलेल्या सामानातून तिनं मला उचललं, माझ्या मागे एक जोडकडं लावून मला तिच्या नव्या कॅमेऱ्यावर बसवलं, आणि उजेडाकडे धरून म्हणाली, "अरेरे, बिचारी! स्क्रूकाकांकडेच न्यायला हवं."

स्क्रूकाका म्हणजे लेन्सा दुरुस्त करणारे. दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत त्यांचं दुकान, खिडकीपाशी काम करायचं टेबल. खोलीत ते अनवाणी फिरत. पडलेला बारीक स्क्रू डोळ्यांना दिसत नाही, पण तळव्याला बरोबर टोचतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. काकू दाराजवळच्या टेबलाशी बसून आलेल्या सामानाला चिठ्ठ्या बांधत आणि काकांवर नजर ठेवत.

"हल्ली फार स्क्रू पडतात तुमच्या हातून," काकू म्हणाल्या.

"दिवाच असा मिणमिणता आणलायस तू."

"हा आणल्याला आठवडा नाही झाला! त्याच्या आधीचाही मिणमिणता, त्याच्याही आधीचा मिणमिणता. दिव्यांच्या कंपनीशीच भांडा एकदा."

काकांनी मला उघडलं. त्यांची बोटं फार मायेची होती. बुरशी पुसली, वाळलेलं ग्रीस काढलं. नळ्या वेगळ्या करताना, त्या जिथे सुटल्या नेमकं तिथे, त्यांनी नेहमीसारखी सुईच्या टोकानं बारीक खूण केली. पण परत जोडायच्या वेळी त्यांना ती खूण दिसलीच नाही. शेजारचा एक जुना ओरखडा दिसला. त्यालाच खूण समजून त्यांनी आटे जुळवले.

नळी छान बसली. छान फिरली.

दुरुस्त झालेली प्रत्येक लेन्स काका टेबलावरच्या जुन्या कॅमेऱ्याला लावत, कडं फिरवून अनंतावर आणत आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत. टाकी स्वच्छ दिसली की काम झालं. त्यांनी माझ्यातून टाकी पाहिली.

"पास," काका म्हणाले.

हातभर

त्यानंतर मला अनंत दिसेना. दोन हातांच्या पलीकडे सगळं पातळ दूध. उलट, आधीपेक्षा किंचित अधिक जवळचं दिसायला लागलं. अळीताईला हे पहिले काही दिवस कळलंसुद्धा नाही. अंडी, अळ्या, पानाची मागची बाजू, तिचं सगळं जगच हातभर अंतरातलं. मग एका दुपारी तिनं सहज समोरचं झाड टिपायला कॅमेरा उचलला.

ती मला घेऊन परत दुकानात आली.

"काका, हिला लांबचं दिसत नाहीये."

"लांबचं दिसत नाही? मी स्वतः टाकी बघून दिलीय."

"बघा ना पुन्हा."

"तुझ्या त्या जोडकड्याचा दोष असणार. नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स लावायची म्हणजे असल्या कटकटी आल्याच."

तिनं निमूट जोडकडं काढलं आणि मला टेबलावरच्या त्यांच्याच कॅमेऱ्याला लावलं. कडं फिरवलं. डोळा लावून पाहिलं आणि बाजूला झाली. काकांनी पाहिलं.

"स्वच्छ आहे की!"

"काका, धुकं आहे नुसतं."

"अगं, तू डोळे तपासून घे एकदा. दिवसभर त्या अळ्यांकडे बघून..."

"सरका बघू दोघंही," काकू म्हणाल्या आणि कॅमेऱ्यावर वाकल्या. "छे! मला तर टाकीवरचा कावळा पण दिसत नाहीये."

"कसला कावळा?" काकांनी विचारलं.

काकू सरळ झाल्या. खिडकीतून बाहेर बघितलं. "तो काय बसलाय. आणि खाली नळापाशी दुसरा."

काका खिडकीशी गेले. कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी टाकीकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. एकदा डोळे चोळले. कावळा एकदा ओरडला, तेव्हा त्यांचं डोकं आवाजाच्या दिशेला वळलं. तेवढंच.

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. माझ्यातून टाकी धूसर दिसली, पण त्यांना ती माझ्याशिवायही तशीच दिसत होती. रोजच्यासारखीच. मग तिला स्वच्छ म्हणायला त्यांना अडचण कुठे होती?

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "दिवा बदलायचा नव्हता. डोळा दाखवायचा होता."

"आण ती लेन्स इकडे," काका म्हणाले. "आत्ता उघडून देतो."

अळीताईनं मला छातीशी धरलं. "नाही काका. आधी तुमचा डोळा, मग माझी लेन्स."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. पण अळ्यांना अनंत लागत नाही, तेव्हा माझं चाललंय. तुमचं नाही चालायचं."

"जा मग! दुसऱ्याकडे ने!"

"दुसऱ्या कुणाकडे नेणार नाही, आणि तुम्हाला आज देणारही नाही," असं म्हणून ती खाली उतरली. जिन्यात मी तिच्या पिशवीत होते. पुढचं

(धूसर.)

वीतभर

त्यानंतर काकांनी दुकान उघडलं, पण हातात चिमटा घेतला नाही. काकूंनी फोनवर अळीताईला सगळं सांगितलं. डॉक्टरचं नाव काढलं की काका जेवणावरून उठून जात. एकदाच बोलले. "उघडलेली लेन्स पुन्हा पहिल्यासारखी होतेच असं नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि मला म्हणतेस, जाऊन स्वतःचीच उघडून घ्या. नजर गेली तर मी या टेबलाशी बसून करू काय? चिठ्ठ्या बांधू?"

"बांधा की," काकू म्हणाल्या होत्या. "मला तेवढाच आराम."

मग एक दिवस त्यांनीच अळीताईला फोन केला. बोलणं एवढंच : "तुझे डोळे घेऊन ये. काम आहे."

कपाटात दुरुस्त झालेल्या लेन्सा होत्या, मालकांची वाट बघणाऱ्या. काकांना त्या सगळ्या तपासायच्या होत्या, पण तपासणार कोण? अळीताईनं एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावायची, टाकी बघायची. स्वच्छ दिसली तर टेबलाच्या उजव्या बाजूला, नाही दिसली तर डाव्या. काकू चिठ्ठ्या वाचत होत्या. मी अळीताईच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर टांगलेली, म्हणून मी सगळं पाहिलं, निदान वीतभर अंतरातलं.

काका त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. डोळे मिटून. लेन्स लाकडावर ठेवल्याचा आवाज कोणत्या बाजूनं येतो तेवढं ऐकत होते.

उजवीकडे. उजवीकडे.

डावीकडे.

"ही कुणाची?"

काकूंनी चिठ्ठी वाचली. "त्या निवृत्त मास्तरांची. नातीच्या वाढदिवसाला हवीय म्हणाले होते."

उजवीकडे. डावीकडे.

"काका, हिच्यात फार थोडा फरक आहे," अळीताई म्हणाली. "कळणारसुद्धा नाही कुणाला."

"कुठे ठेवलीस?"

लेन्स अजून तिच्या हातातच होती.

"डावीकडे ठेव."

पुन्हा डावीकडे. मग त्यांनी हात वर केला. "बास. बाकीच्या नंतर बघू." हात खाली घेऊन म्हणाले, "मला आंधळं व्हायची भीती वाटत होती असं नाही. म्हणजे वाटतेच. पण या लेन्सा मी लोकांना 'पास' म्हणून देणार होतो. हसत हसत देणार होतो." मग उठून चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायाशीच होत्या. काकूंनी त्या पायानं पुढे सरकवल्या.

चार बोटं

काका-काकूंबरोबर अळीताईही दवाखान्यात गेली, आणि तिच्या गळ्यात मी. मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, डोळ्यातलं तुमचं स्वतःचं भिंग गढूळ झालंय, ते काढायचं आणि तिथे नवं बसवायचं.

"म्हणजे लेन्स," काका म्हणाले.

"हो, लेन्सच. तुमचा काय व्यवसाय?"

"लेन्सा बसवायचाच."

डॉक्टरीणबाई हसल्या. पण पुढचा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला. साधी लेन्स बसवली तर ती एकाच अंतराला स्पष्ट असेल. लांबचं चष्म्याशिवाय हवं, की जवळचं? बहुतेक लोक लांबचं मागतात. रस्ता दिसतो, माणसं ओळखू येतात, वाचायला तेवढा चष्मा लावतात. "घाई नाही. घरी विचार करून सांगा."

"घरी कशाला?" काका म्हणाले. "जवळचं बसवा. स्क्रू मला माझ्या डोळ्यांनी दिसायला हवा. अनंतासाठी चष्मा लावीन."

"अहो, आणि मी?" काकूंनी विचारलं. "मी खोलीच्या त्या टोकाला असले तर?"

"तुझा आवाज येतो की तिथून. चांगला मोठ्यानं येतो."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून हसू लपवलं. अळीताईनं लपवलं नाही. पण मी काकांच्या हाताकडे बघत होते, चार बोटांच्या अंतरावरून. त्या हातानं काकूंच्या पदराचं टोक घट्ट धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. काकूंनी ते सोडवून घेतलं नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीही आतल्या खोलीच्या दारापर्यंत त्या तशाच गेल्या.

आत मला नेलं नाही. त्या वेळाचं मला काहीच सांगता येणार नाही.

एकास एक

डोळा बरा झाल्यावर काकांनी पहिल्यांदा उघडली ती मी. पुढची कडी काढली, काच उजेडात धरली आणि एकदम थांबले.

"अगं, हे बघ."

"काय झालं?" काकू धावत आल्या.

"अंगठा. माझा." माझ्या आतल्या काचेच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, मागच्या वेळी राहून गेलेला. एकेक रेघ दिसत होती. त्यांना आपली चूक इतकी स्वच्छ दिसली, आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "पुसू नका हो, नवा डोळा आहे," म्हणून काकू ओरडल्या.

मग त्यांनी ठसा पुसला, सुईची खूण शोधली. ती होतीच, ओरखड्याच्या शेजारी. आटे सोडले, जुळवले, फिरवले. माझं अनंत मला परत मिळालं. डाव्या बाजूच्या लेन्साही एकेक करून उघडल्या गेल्या. आधीच गिऱ्हाइकांच्या घरी गेलेल्या लेन्सांसाठी काकांनी स्वतः फोन केले. प्रत्येकाला एकच सांगितलं, "माझ्याकडून चूक झालीय, लेन्स परत आणा." काहींनी आणली. एकजण म्हणाला, मला तर काहीच फरक दिसला नाही. काका म्हणाले, "मग येताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

मला घ्यायला अळीताई आली तेव्हा तिनं काकांना खिडकीपाशी बसवलं. "पुस्तकासाठी नाही, माझ्यासाठी एक फोटो हवाय. डोळ्याचा."

"अळ्या संपल्या वाटतं?"

"हलू नका. हनुवटी हातावर टेका."

तिनं माझं कडं शेवटपर्यंत फिरवलं. मी पूर्ण लांब झाले. उजेड कमी झाला. मग तिनं कडं सोडून दिलं आणि श्वास रोखून स्वतःच पुढे सरकली, कारण एवढ्या जवळ आल्यावर कड्याचा उपयोग नसतो, माणसालाच सरकावं लागतं. पापणीचा केस आला आणि विरघळला. पांढऱ्यातली लाल शीर आली. तपकिरी बुबुळाच्या दोऱ्या आल्या, ओढून बांधल्यासारख्या. आणि त्यांच्या मधल्या काळ्या गोलात, अगदी आत, एक बारीक लकाकी.

ती काच होती. म्हणजे माझ्यासारखी काच नव्हे, कसलंतरी मऊ नवं द्रव्य. पण लेन्सच. माझ्या जातीतलं सगळ्यात लहान लेकरू. तिला आटे नाहीत, कडं नाही, उजेड कमीजास्त करणारी पाती नाहीत. तिला पुढे मागे सरकता येत नाही. एकदा बसवलेल्या जागेवरून ती टेबल, चिमटा आणि स्क्रू बघत राहणार. मला वाटलं तिला काहीतरी सांगावं, थोरलीनं धाकटीला सांगावं तसं. पण ती कामात होती.

म्हणून तुम्हालाच सांगते, मित्रांनो. आम्हा लेन्सांना जपायचं म्हणून पेटीत कोंडू नका. उजेड दाखवा, हवा दाखवा, आम्हाला वापरा. बोटं लावलीत तर पुसा. आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्यांतलं भिंग धूसर झालं, तर ते कुणापासून लपवू नका. धुकं हळूहळू येतं, इतकं हळू की जगच असं आहे असं वाटायला लागतं. शेजारच्याला विचारा. त्याला दिसतं ते तुम्हाला दिसतं का, एवढंच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. मला उघडून पुसावं लागलं, तर तुम्हाला का नको?

क्लिक.

"झालं का?" काकांनी विचारलं. त्यांचा डोळा पाण्यानं भरून आला होता, पण त्यांनी तो अजून उघडाच धरला होता.

"झालं, काका."

"मिटू?"

"मिटा."